प्रोसेसर व मदरबोर्ड यांची सुसंगतता

एखादा प्रोसेसर विशिष्ट मदरबोर्डवर चालू शकणे, यास त्या दोहोंची सुसंगतता म्हणतात. जुन्या संगणकाची क्षमता अल्प खर्चात वाढवू पाहणाऱ्याने ती खरेदीपूर्वीच तपासणे इष्ट असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना प्रोसेसर वरणगावी आणल्यावर चालला नाही, तर तो परत करण्याचा प्रवासखर्च त्याच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळले की काम झाले, हा समज सार्वत्रिक असला तरी अपुरा आहे. इंटेलचे एलजीए ७७५ हे सॉकेट २००४ मध्ये आले. पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंतचे अनेक प्रोसेसर त्यात बसतात. परंतु ९१५ चिपसेटच्या मदरबोर्डवर २००६ चा कोअर २ ड्युओ बसूनही चालत नाही. चिपसेट म्हणजे प्रोसेसर, स्मृती व इतर भाग यांच्यातील दळणवळण सांभाळणारी यंत्रणा. तिला प्रोसेसरच्या बसचा वेग पेलावा लागतो. कोअर २ ड्युओ ई८४०० ला १३३३ मेगाहर्ट्झची बस लागते. जी३१ वा जी४१ चिपसेटचे मदरबोर्ड त्यासाठी योग्य ठरतात. पुढे २०१७ मध्येही हेच घडले: आठव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांचे सॉकेट नावाने एलजीए ११५१ च राहिले, पण ते आधीच्या १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर चालत नाहीत.

एएमडीने याबाबतीत ग्राहकाची अधिक सोय पाहिली. एएम३ प्रोसेसरमध्ये डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्ही स्मृतींचे नियंत्रक असल्याने तो एएम२+ मदरबोर्डवरही चालू शकतो. उलट, एएम२ प्रोसेसर एएम३ सॉकेटमध्ये बसतच नाही.

वीजपुरवठ्याची क्षमताही पाहावी लागते. ई८४०० ची मर्यादा ६५ वॅट, तर पेंटियम डी ८३० ची १३० वॅट आहे.

प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, तर मदरबोर्डचे नाव व आवृत्ती बोर्डावरच छापलेली असते. ही दोन्ही उत्पादकाच्या संकेतस्थळावरील समर्थित प्रोसेसरांच्या यादीशी ताडून पाहावीत. यादीत प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्तीही दिलेली असते. बायोस अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. त्या काही मिनिटांत वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी किंवा यूपीएस जोडावा.