सेन्सर एकटा, जबाबदारी तुमची!

समजा, फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून तुमच्या ग्रुपने छोटं हवामान केंद्र बनवलंय. ते घाटमाथ्यावर बसवायचं आणि दर दहा मिनिटांनी पावसाचे, तापमानाचे आकडे कॉलेजच्या लॅबमध्ये मिळवायचे. तिथे मोबाइलला रेंज नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘‘अरे, हॅम रेडिओवरून पाठवू ना. बिलही येत नाही!’’

आयडिया भारी आहे, पण जरा थांबा. बिल नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. पहिली अट लायसन्सची. भारतात त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग स्वतःची कॉल साइन मिळते. त्यानंतर तीन प्रश्न स्वतःला विचारा.

पैसा कुणाचा?
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येनुसार हॅम रेडिओ हा शिकण्यासाठी, गप्पांसाठी आणि तांत्रिक प्रयोगांसाठी आहे. तोही केवळ आवडीपोटी, आर्थिक हितसंबंध न ठेवता. अमेरिकेत हे आणखी स्पष्ट आहे. पगार देणाऱ्या संस्थेच्या कामाचे संदेश हॅमवरून पाठवता येत नाहीत. शिक्षकांना सूट आहे, पण वर्गात शिकवण्यापुरती. पगारी संशोधनासाठी तिथे प्रायोगिक परवाना वेगळा असतो.

कुणालाही वाचता येईल?
अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही, हा जगभरचा नियम. पेपर छापून येईपर्यंत डेटा गुप्त ठेवायचाय? मग हॅम बँड विसरा. आकड्यांचा फॉरमॅट जाहीर करा आणि कॉल साइन पाठवत राहा.

बंद कोण करणार?
अमेरिकेत ठरावीक बँडवर माणूस जवळ नसताना स्टेशन चालवता येतं, पण जबाबदार ऑपरेटर असावाच लागतो. कारण साधं आहे. मध्यरात्री प्रोग्राम हँग झाला आणि ट्रान्समीटर चालूच राहिला, तर ती फ्रिक्वेन्सी सगळ्यांसाठीच अडते. २००४च्या त्सुनामीत अंदमानमधून खबरबात बाहेर पोचवायला हॅमच कामी आले होते. अशा वेळी तुमचा सेन्सर मध्ये बडबडत असेल तर? म्हणून ठरावीक वेळेनंतर ट्रान्समीटर आपोआप बंद करणारं सर्किट आधी लावा, अँटेना नंतर.

हे सगळं पाळून मोठं कामही होतं. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८मध्ये ‘डब्ल्यूएसपीआर’ ही पद्धत आणली. अगदी कमी पॉवरचे हे सिग्नल फक्त कॉल साइन, ठिकाण आणि पॉवर सांगतात. कुणाचा सिग्नल कुठे ऐकू आला, याच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्यांवरून संशोधक आयनांबराचा अभ्यास करतात.

आणि तुमचं हवामान केंद्र? त्याला कदाचित हॅमची गरजच नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे. ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट. समोर अडथळा नसेल तर लोरा मॉड्यूल त्यावर काही किलोमीटर सहज गाठतं. फक्त ऑनलाइन मागवताना ९१५ मेगाहर्ट्झचं अमेरिकन मॉड्यूल घेऊ नका. ते आपल्याकडच्या मोबाइलच्या बँडमध्ये घुसू शकतं.

तर मंडळी, सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी ग्रुपमध्ये एक गोष्ट ठरवा: रात्री दोन वाजता काही बिघडलं, तर फोन कुणाला येणार? त्याचं नाव डब्यावर लिहा, मगच डबा डोंगरावर न्या.