सुलमोनाची वाट आणि चुलीवरचा पाव



शहरातली पोरं-पोरी पाठीला पिशवी लावून गड चढतात, त्याला ट्रेकिंग म्हणतात. आपण सरपणाला, गवताला, करवंदाला तोच डोंगर चढतो, त्याला मात्र नाव नाही! आज मी तुम्हाला अशाच एका डोंगरवाटेची माहिती सांगणार आहे. ही वाट फार लांबची, इटली देशातली आहे. आज तिथं माणसं हौसेनं तीन दिवस चालत जातात. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र तिथून माणसं जीव मुठीत धरून रात्रीची जात होती. ती वाट चालू राहिली ती तिथल्या गावातल्या बायकांमुळं, असं माझं मत आहे. ते का, ते ऐका.

आधी थोडा नकाशा डोळ्यांपुढं आणू. इटलीच्या मधल्या भागात अब्रुझ्झो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. खाली सुलमोना हे गाव, आजूबाजूला शेती. तिथला लाल लसूण प्रसिद्ध आहे, आणि साखरेत घोळवलेले बदामही. गावामागं मायेल्ला नावाचा मोठा डोंगर. सुलमोनापासून त्या डोंगरावरून पलीकडच्या कासोली गावापर्यंत जी पायवाट जाते, तिला तिकडं ‘स्वातंत्र्याची वाट’ म्हणतात. अंतर साधारण ६० किलोमीटर. पहिल्या दिवशी चढत चढत कांपो दि जोवे या गावी मुक्काम. दुसऱ्या दिवशी बीच नावाच्या झाडांचं दाट रान ओलांडून ग्वादो दि कोच्चा ही खिंड चढायची आणि पलीकडं तारांता पेलिन्या गावात उतरायचं. तिसऱ्या दिवशी कासोली. ही खिंड सुमारे १,६७५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडी उंच. आणि तिथं हिवाळ्यात गुडघाभर, कधी कमरेभर बर्फ असतो.

आता युद्धाकडं येते. दुसऱ्या महायुद्धात इटली आधी हिटलरच्या जर्मनीच्या बाजूनं होता. समोर इंग्रज, अमेरिकन, आणि इंग्रजांचं राज्य असल्यामुळं आपले हिंदी सैनिकही. पकडलेले सैनिक इटलीतल्या छावण्यांत ठेवलेले होते. सुलमोनापासून चार-पाच किलोमीटरवर ७८ नंबरची अशीच छावणी होती, तिच्यात सुमारे ३,००० कैदी. डोंगरापलीकडं आवेझ्झानो गावाजवळच्या छावणीत तर हिंदी सैनिक होते. जून १९४२ मध्ये आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथं कैद झाली होती. तोब्रुकच्या कैद्यांपैकी पुष्कळांना पुढं बोटीनं इटलीतच नेलं. म्हणजे त्या काळात आपल्याकडच्या किती आयांना, आपला लेक कुठल्या मुलखात आहे याचा पत्ताही नसेल.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शरणागती जाहीर केली. छावण्यांवरचे पहारेकरी पांगले आणि कैदी बाहेर पडले. पण सुटका झाली असं नाही, कारण काही दिवसांतच जर्मन फौजेनं सगळा मुलूख ताब्यात घेतला. दोस्तांची फौज दक्षिणेकडून वर येत होती, ती हिवाळ्याच्या तोंडावर सांग्रो नदीपाशी अडली. डिसेंबरपर्यंत कासोली दोस्तांच्या हातात आलं, सुलमोना मात्र जर्मनांकडं राहिलं. मध्ये आडवा मायेल्ला डोंगर. म्हणजे कैद्याला जगायचं तर डोंगर ओलांडायचा, एवढाच मार्ग उरला.

परका माणूस, भाषा येत नाही, अंगावर सैनिकी कपडे, पायात फाटके बूट. तो डोंगर कसा ओलांडणार? वाट दाखवायला मेंढपाळ होते. अब्रुझ्झोचे मेंढपाळ आपल्या धनगरांसारखेच. हिवाळ्यात कळप घेऊन लांब दक्षिणेच्या सपाटीवर जायचं आणि उन्हाळ्यात परत डोंगरावर. त्यांना खिंड कुठली, पाणी कुठं, गुहा कुठं, सगळं पाठ. पण वाटाड्या एका रात्रीचा. बर्फ उतरेपर्यंत किंवा पहारा ढिला पडेपर्यंत हे कैदी आठवडे, कधी महिने रानात, गुहेत, गोठ्यात दडून राहायचे. तेवढे दिवस त्यांना खायला कोण घालत होतं? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपण चूल चालवणाऱ्या बाया, आपल्याला हा प्रश्न आधी सुचतो.

त्या वेळी इटलीत माणशी रोजचं पावाचं रेशन १५० ग्रॅम होतं. तिथला पाव म्हणजे आपली भाकरी समजा, तोच मुख्य आहार. शेतकऱ्याच्या घरी स्वतःचा थोडा गहू, बटाटे, मका असायचा. पण जर्मन सैनिक येऊन डुकरं, मेंढ्या, धान्य उचलून न्यायचे. अशा घरातून रोज एक-दोन माणसांचं जास्तीचं जेवण काढायचं! शेजाऱ्याला संशय येऊ नये, भट्टीतून किती पाव निघाले ते कुणी मोजू नये, पोरांनी बाहेर बोलू नये, हे सगळं घरातल्या बाईनंच सांभाळायचं. अब्रुझ्झोतल्या बायका तेव्हा तांब्याची घागर डोक्यावर घेऊन पाणी आणायच्या, खाली कापडाची चुंबळ, अगदी आपल्यासारखी. पाण्याला, धुण्याला, लाकडाला निघालेल्या बाईकडं पहारेकऱ्याचं फारसं लक्ष जात नाही. टोपलीत वर कपडे आणि खाली खाणं, अशी रानात दडलेल्यांची शिदोरी जायची. सैनिकी कपडे काढून त्यांना नवऱ्याचे, मुलाचे जुने कपडे घालायला दिले ते याच घरांतून.

हे करण्यात काय धोका होता? जर्मनांनी जाहीर केलं होतं की कैद्याला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड. पकडून देणाऱ्याला मात्र १,८०० लिरांचं बक्षीस. भुकेच्या दिवसांत ती रक्कम लहान नव्हती. आन्व्हेर्सा गावच्या मिकेले देल ग्रेको या मेंढपाळाला कैद्यांना मदत केल्याबद्दल डिसेंबर १९४३ मध्ये गोळ्या घातल्या. आणि सांग्रोच्या खोऱ्याकडं पिएत्रान्सिएरी गावात तर भयंकर घडलं. गाव खाली करा हा हुकूम लोकांनी पाळला नाही. २१ नोव्हेंबर १९४३ ला लिम्मारीच्या रानात जर्मन सैनिकांनी १२८ गावकऱ्यांना मारलं. त्यात बहुतेक बायका, म्हातारी माणसं आणि लेकरं. ३४ मुलं तर दहा वर्षांच्या आतली. एक लहान मुलगी तेवढी वाचली. हे ऐकताना मलाही पुढं वाचवेना. पण हे वगळून या वाटेची गोष्ट सांगणं खोटं होईल.

मग या बायकांनी दार का उघडलं? त्यातल्या कितीतरी जणींनी पुढं एकच कारण सांगितलं. त्यांचे स्वतःचे मुलगे, नवरे लढाईवर होते, कुणी रशियात, कुणी आफ्रिकेत, कुणी कैदेत. माझ्या पोरालाही कुठंतरी कुणाची तरी आई खायला घालत असेल, एवढा साधा हिशेब. यात राजकारण काय आहे, हे त्यांनी फार पाहिलं नसावं. आपल्याकडंही त्याच सुमारास साताऱ्याच्या पट्ट्यात प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्यांना गावोगावच्या घरांतून भाकऱ्या जात होत्याच की. त्या थापणाऱ्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत?

सुलमोनाच्या गोष्टीतही पुढं येणारी नावं जास्त करून पुरुषांची. खिंडीत मारला गेलेला तरुण इटालियन अधिकारी एत्तोरे दे कोर्ती, त्याची आठवण तिथं जपली आहे. मार्च १९४४ मध्ये हाच डोंगर ओलांडून गेलेला एक तरुण, कार्लो आझेल्यो चांपी, पुढं इटलीचा राष्ट्रपती झाला. बायकांपैकी एक नाव मात्र ठळक आहे. सुलमोनाची इरीडे इम्पेरोली. रोममध्ये कैद्यांना लपवणारं एक गुप्त मंडळ होतं. इरीडे त्यांच्याकडं जाऊन पैसे आणि निरोप आणायची, सुलमोनातल्या कैद्यांपर्यंत पोचवायची. जर्मनांनी तिला पकडलंही.

आणि ही सगळी माहिती टिकली कशी, ते आपल्या कामाचं आहे. १९९० च्या दशकात सुलमोनातल्या एका शाळेनं हे काम हाती घेतलं. सुटलेल्या कैद्यांचं लिखाण, आठवणी जमवल्या आणि पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की जो पाव नव्हताच तो त्यांनी वाटून खाल्ला. २००१ मध्ये राष्ट्रपती असलेले चांपी स्वतः आले आणि त्या वाटेवरची पदयात्रा सुरू झाली. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन. त्याच सुमारास दरवर्षी शाळेची मुलं, गावकरी आणि तेव्हाच्या कैद्यांची मुलं-नातवंडं परदेशातून येऊन तीन दिवस चालतात. उंचावर तेव्हाही बर्फ शिल्लक असतो. वाटेतली तारांता पेलिन्यासारखी गावं जर्मनांनी माघार घेताना उद्ध्वस्त केली होती, ती नंतर पुन्हा उभी राहिली. तारांता रंगीत नक्षीच्या लोकरी घोंगड्यांसाठी ओळखलं जातं. त्या घोंगड्यांना गावाचंच नाव आहे. गटात विणकाम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, गावाचं नाव मालाला कसं लागतं ते!

आपल्या माणसांचीही तिथं एक जागा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण ज्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती, ती डिव्हिजन नोव्हेंबर १९४३ मध्ये याच सांग्रो नदीवर लढली. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव याच पलटणीतले. पुढं १९४५ मध्ये इटलीतल्याच सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना वाचवलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले. बरेच आले नाहीत. सांग्रो नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, तोरिनो दि सांग्रो गावाजवळ एका उतारावर युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. अडीच हजारांवर कबरी आहेत, ओळीनं. त्याच आवारात एक वेगळं स्मारक आहे, ते ज्यांना मूठमाती नाही तर अग्नी दिला त्यांचं. हिंदू आणि शीख सैनिकांची पाचशेच्या वर नावं त्यावर कोरलेली आहेत.