मूळ ध्वनी कोणता?

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम घ्या. उत्तम ध्वनिमुद्रण म्हटलं की रसिक आजही त्याचं नाव घेतात. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत तो मुद्रित झाला. पण गंमत बघा. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं. त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या सुरात वाजत राहिल्या. १९९२ साली, त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या टेपवरून ते दुरुस्त झालं. म्हणजे तीसेक वर्षं लोकांनी ज्या सुरावर प्रेम केलं, तो स्टुडिओत वाजलाच नव्हता! मग खरा कोणता? मी म्हणेन, दुरुस्त केलेला. कानाला सवय कशाचीही होते. पण खरं काय, हे सवय ठरवत नाही.