प्रभारी नावाची चिठ्ठी

विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत कधी जाण्याचा प्रसंग आला, तर दारांवरच्या पाट्या जरा निरखून पाहाव्यात. काही पाट्यांवर पदनामाशेजारी कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली असते : ‘प्रभारी’. महिन्या-दोन महिन्यांत ती निघेल, असे चिकटवणाऱ्याला वाटलेले असते. पुढे पावसाळा येतो, कागद पिवळा पडतो, कडा सुटतात. चिठ्ठी मात्र तिथेच असते.

कुलगुरूंच्या दारावर अशी चिठ्ठी लागली, तर निदान बातमी तरी होते. मुंबई विद्यापीठात २०१७ साली निकालांचा गोंधळ झाला, तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे मुंबईचाही कार्यभार देण्यात आला. नवे कुलगुरू आले ते २०१८ च्या एप्रिलअखेर. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा कोल्हापूरच्याच कुलगुरूंकडे मुंबई सोपवली गेली. पूर्णवेळ नेमणूक व्हायला २०२३ चा जून उजाडला. व्यक्ती कितीही कर्तबगार असली, तरी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन खुर्च्या एकाच वेळी कशा सांभाळायच्या? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुण्याऐवजी फाईल उपाशी राहते.

संशोधन विभागाच्या दारावरच्या चिठ्ठीची तर बातमीही होत नाही. वास्तविक प्रकल्पांचे प्रस्ताव दिल्लीला पाठवणे, आलेल्या अनुदानाचा हिशेब ठेवणे, यंत्रसामग्रीच्या खरेदीला मंजुरी मिळवणे, अशी अनेक कामे याच दारातून जातात. दिलेला पैसा त्याच कामासाठी खर्च झाला, असे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही, तर पुढचा हप्ता अडतो. हप्ता अडला की प्रयोगशाळेतल्या मदतनीसाचा पगार अडतो, रसायनांची मागणी अडते. हे सारे कुणा एकाच्या सहीवर उभे असते.

या सहीची खरी वाट पाहणारे असतात ते पंचविशीतले संशोधक विद्यार्थी. जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७ हजार रुपये झाली. ती आणि तिच्यापुढची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून मुदत असते पाच वर्षांची. साहेबांची खुर्ची रिकामी आहे म्हणून ही पाच वर्षे थांबत नाहीत. गावाकडे आईवडील विचारतात, ‘अजून किती दिवस, बाळा?’ त्यावर ‘साहेब प्रभारी आहेत’ हे उत्तर कोणत्या घरात समजेल?

पण म्हणून हंगामी नेमणूकच वाईट, असे म्हणता येत नाही. विद्यापीठाबाहेरचे, पण संशोधनाच्याच क्षेत्रातले एक उदाहरण फार बोलके आहे. ३० डिसेंबर १९७१ रोजी डॉ. विक्रम साराभाई यांचे अचानक निधन झाले. ‘इस्रो’ पोरकी झाली. प्रा. सतीश धवन यांनी ती सांभाळावी असे ठरत होते; पण ते तेव्हा अमेरिकेत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. हातचे काम टाकून ते लगेच येणार नव्हते. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक प्रा. एम. जी. के. मेनन यांनी जानेवारी ते सप्टेंबर १९७२ ही धुरा वाहिली. त्याच काळात, जूनमध्ये, अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन झाले. धवन आले आणि मेनन बाजूला झाले.

मेनन यांच्याकडेही तो अतिरिक्त कार्यभारच होता, हे विसरू नये. मग फरक कुठे पडला? जागा कोणासाठी राखायची हे ठाऊक होते, आणि राखणाऱ्याला ती स्वतःसाठी नको होती. आपल्याकडे बहुधा दोन्ही गोष्टी धूसर असतात. कायम नेमणुकीची जाहिरात निघालेली नसते, आणि प्रभारी मनुष्य स्वतःच उमेदवार असतो. मग कुणाला दुखवायला नको म्हणून तो अवघड निर्णय पुढे ढकलत राहतो.

घरात सासूबाई यात्रेला निघाल्या, तर किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती देतात. कोणत्या डब्यात काय, कुणाचे किती देणे, हे सांगून जातात. आणि परतण्याचा दिवसही सांगतात. किल्ल्या दिल्या पण कपाट उघडायचे नाही, असे कोणी सांगत नाही. संशोधन विभागाच्या प्रभारी प्रमुखालाही एवढेच हवे : खर्चाच्या सहीचे पूर्ण अधिकार, प्रलंबित कामांची लेखी यादी, आणि आदेशात छापलेली शेवटची तारीख. नेमणुकीच्या दिवशीच कायम पदाची जाहिरात निघाली, तर सोन्याहून पिवळे.

पद रिकामे होण्याचा दिवस निवृत्तीच्या बाबतीत वर्षानुवर्षे आधी माहीत असतो. तरीही दर वेळी तो जणू अचानक उगवतो आणि कुणीतरी डिंकाची बाटली शोधू लागतो. ती चिठ्ठी लावायला हरकत नाही. तिच्यावर फक्त ‘प्रभारी’ या शब्दाशेजारी ती काढण्याची तारीखही लिहावी. दाराबाहेर फाईल घेऊन उभ्या असलेल्या मुलाला निदान घरी काहीतरी सांगता येईल.