वऱ्हाडी उन्हाळा आणि तापलेला प्रोसेसर

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलं. पारा ४५ अंशांच्या वर होता. अशा मुलखात राहून घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजेच ओव्हरक्लॉक करायचा, हा शौक मला बरीच वर्षं आहे. अमरावती-अकोल्यात या नादाचा मी काही एकटाच नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९९८ मध्ये इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस (डेटा वाहून नेणारी वाट) ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली, की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा. २०११ च्या कोअर आय५-२५००के ची तर पोरांनी पारायणं केली. आजचे प्रोसेसर तापमान बघून आपला वेग आपणच वाढवतात, कमी करतात.

खरी गंमत उष्णतेच्या हिशेबात आहे. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी चढवले, तर उष्णता जवळपास ३३ टक्क्यांनी वाढते. दुसरी गोष्ट, प्रोसेसरवर साधा पंखा असो की पाणी फिरवणारं कूलिंग, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करणं त्याला जमत नाही. चिप हवेपेक्षा ४५ अंश वर राहत असेल, तर डिसेंबरातल्या २५ अंशांच्या खोलीत ती ७० वर असते आणि मे महिन्यातल्या ४५ च्या खोलीत ९० वर. रायझन ७००० मालिका ९५ ला आणि इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० च्या आसपास स्वतःच वेग आवरतात. म्हणून परदेशी व्हिडिओतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे वापरू नयेत. त्यांची खोली वेगळी, आपली वेगळी.

आता माझा आवडता विषय, खिडकीतला कूलर. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा सिद्धांतात साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकते. वाळ्याची ताटी लावलेला चांगला कूलर खोली तिशीच्या आत आणतो. म्हणजे शे-दोनशे रुपयांची ताटी महागड्या हीटसिंकपेक्षा जास्त काम करते! पावसाळ्यात हवा ओली झाली, की ही करामत संपते. ‘दमट हवेनं बोर्डवर पाणी साचेल’ ही भीती मात्र वायफळ आहे, कारण पाणी थंड वस्तूवर साचतं आणि चालू प्रोसेसर खोलीपेक्षा गरमच असतो.

धोका आहे तो तुषारांचा. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाण्यातून खारपाणपट्टा जातो. तिथलं बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं, की ताटीवर पांढरा क्षार चढतो आणि बारीक थेंबांबरोबर तोच मीठ-थर बोर्डवरही बसतो. अमरावतीच्या एका दुरुस्तीवाल्यानं मला गंजलेला मदरबोर्ड दाखवत म्हटलं, “भाऊ, कूलर खोली थंडी करते, पण खारं पाणी बोर्ड खाऊन टाकते.” जिनिंगजवळच्या घरांत तर हीटसिंकच्या पात्यांत रुईचे तंतू अडकून बसतात आणि रजईसारखी ऊब धरतात.

उष्णतेशी लढायची गोष्ट निघाली, की विजय भटकरांची आठवण येते. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे हे वऱ्हाडी शास्त्रज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. अमेरिकेच्या क्रे-२ या महासंगणकातले सर्किट बोर्ड थंड ठेवायला ते विशिष्ट द्रवात बुडवावे लागत. परमनं एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक साधे प्रोसेसर जोडले. माझ्या मते उष्णतेशी लढण्याचा तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

म्हणून माझा आग्रह इतकाच. वेग थोडा वाढवा, पण व्होल्टेज शक्यतो खाली आणा. व्होल्टेज नुसतं पाच टक्क्यांनी घटलं, तरी उष्णता दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. उन्हाळ्यासाठी वेगळी सेटिंग ठेवा. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, कूलरमध्ये शक्यतो गोडं पाणी घाला आणि उन्हाळ्याआधी हीटसिंक झाडून थर्मल पेस्ट बदला. एवढं करायची तयारी नसेल, तर वऱ्हाडात ओव्हरक्लॉकिंग दिवाळीनंतर सुरू करावं आणि होळीला बंद करावं.