अंतर दुप्पट, संकेत अष्टमांश

अँटेनाला दिलेल्या विजेपासून दोन वेगळ्या गोष्टी घडतात. काही ऊर्जा लहर होऊन कायमची निघून जाते, हे प्रारण. उरलेली अँटेनाभोवतीच घुटमळते, प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात बाहेर पसरते आणि परत आत ओढली जाते. ही घुटमळणारी ऊर्जा जिथवर वरचढ असते तो परिसर म्हणजे निकट क्षेत्र. त्याची हद्द तरंगलांबीवरून ठरते. तरंगलांबीला सुमारे ६.२८ने (म्हणजे २πने) भागले की जे अंतर येते, साधारण तिथे दोन्ही भाग तुल्यबळ होतात.

एफएम रेडिओची तरंगलांबी तीन मीटरच्या आसपास, त्यामुळे त्याचे निकट क्षेत्र अर्ध्या मीटरमध्ये आटोपते. १० किलोहर्ट्‌झला मात्र तरंगलांबी ३० किलोमीटर भरते आणि हद्द जवळजवळ पावणेपाच किलोमीटरवर जाते. घर, खाण, अख्खे गाव त्यात सहज मावते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी वीस-पंचवीस किलोहर्ट्‌झ किंवा त्याहून वरच्या वारंवारतेवर चालते. तिचे वेटोळे वीतभर आणि तरंगलांबी कित्येक किलोमीटर. त्यामुळे ती भांडे तापवते, पण रेडिओ केंद्रासारखी लहर जवळपास टाकतच नाही.

या हद्दीच्या बरेच पलीकडे, म्हणजे दूर क्षेत्रात, अंतर दुप्पट झाले की संकेताची तीव्रता निम्मी होते. निकट क्षेत्रात लहान वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते: अंतर दुप्पट तर तीव्रता एक अष्टमांश, दसपट तर एक हजारांश. डेसिबलमध्ये बोलायचे तर अंतराच्या प्रत्येक दुपटीला सहाऐवजी अठराची घट. वेटोळ्याच्या अगदी लगत हा हिशेब चालत नाही. व्यासाच्या काही पट लांब गेल्यावरच तो जुळू लागतो.

हा घन येतो कुठून? तारेच्या एका लहानशा तुकड्यातल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पण वेटोळ्यात प्रवाह एका बाजूने जातो आणि समोरच्या बाजूने परत येतो. लांबून पाहता या दोन उलट प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. शिल्लक राहतो तो केवळ दोन बाजूंच्या अंतरात असलेल्या किंचित फरकाचा परिणाम, आणि तो आणखी एका घाताने झपाट्याने घटतो. लहर टिकून राहते ती वेळेमुळे. प्रवाह बदलल्याची वार्ता प्रकाशाच्या वेगाने पसरते. तिला पोहोचायला लागणारा वेळ आवर्तनकाळाच्या तुलनेत लक्षणीय झाला, की क्षेत्राचा काही भाग परत न येता सुटून जातो. अतिशय कमी वारंवारतेला आवर्तन इतके संथ असते, की शे-दोनशे मीटरवर हा उशीर नगण्यच ठरतो.

याची किंमत ट्रान्समीटरला मोजावी लागते. तीव्रता प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, तर खर्च होणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून पल्ला दुप्पट करायचा तर ६४ पट शक्ती हवी. दसपट करायचा तर दहा लाख पट. अशा वेळी बॅटरी वाढवत बसण्यापेक्षा वेटोळे मोठे करणे शहाणपणाचे, कारण व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि त्याच प्रवाहात तीव्रताही.

तोटा वाटणारी हीच घट एका कामी मात्र जीव वाचवते. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी गिर्यारोहक आणि स्कीपटू अंगावर एक छोटा ट्रान्समीटर बाळगतात. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले ‘स्काडी’ हे यंत्र २.२७५ किलोहर्ट्‌झवर चाले. ही वारंवारता कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यातलीच असल्याने संकेत मोठा करून थेट इअरफोनमध्ये देता येई. तिथे निकट क्षेत्राची हद्द २१ किलोमीटरवर आहे. तीस मीटरवर प्रारणाचा भाग चुंबकीय भागाच्या जेमतेम पाच लाखावा! पुढे ४५७ किलोहर्ट्‌झ ही वारंवारता जगभर मान्य झाली. वारंवारता वाढली की त्याच वेटोळ्यात जास्त व्होल्टेज निर्माण होते, म्हणून फेराइटची छोटी कांडीही पुरते. तरीही हद्द १०४ मीटरवर राहते आणि शोध बहुतांशी निकट क्षेत्रातच चालतो.

चाळीस मीटरवरून चार मीटरवर येईपर्यंत संकेत सुमारे हजारपट वाढतो. लहरीवर चालणाऱ्या यंत्रात तो दसपटच वाढला असता आणि जवळ आल्याची खूण फार पुसट राहिली असती. शोधणारा मात्र सरळ रेषेत जात नाही. चुंबकीय बलरेषा वाकड्या असतात आणि यंत्र त्यांच्याच वाटेने नेते. गाडलेली अँटेना कशी पडली आहे यानेही फरक पडतो. अक्षाच्या दिशेला क्षेत्र बाजूच्या दुप्पट असते. पण घनाच्या नियमामुळे पल्ल्यातला फरक सव्वापटीच्याच आसपास राहतो.

कोरडा बर्फ विजेचा वाहक जवळपास नाहीच, त्यामुळे तिथे हा नियम बऱ्यापैकी शुद्ध रूपात दिसतो. जमीन आणि पाणी वेगळे वागतात. वाहक माध्यमात क्षेत्र अंतराने घटतेच, शिवाय शोषलेही जाते. दहा किलोहर्ट्‌झला समुद्राच्या पाण्यात दर अडीच मीटरला ते सुमारे ३७ टक्क्यांवर येते. ओलसर मातीत तेवढ्याच घटीसाठी त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. गुहांचे नकाशे करणारे शोधक म्हणूनच आणखी खालची, कधी एक किलोहर्ट्‌झहूनही कमी वारंवारता घेतात. गुहेत आडवे ठेवलेले वेटोळे चालू करतात आणि वर जमिनीवर क्षेत्र नेमके उभे कुठे आहे ते शोधतात. तोच बिंदू गुहेतल्या जागेच्या बरोबर वर असतो.

निकट क्षेत्र न ओळखल्याने फसगतही होते. नऊ किलोहर्ट्‌झवर प्रयोग करणाऱ्याने दोन किलोमीटरवर संकेत पकडला, तर त्यातून प्रारण झाल्याचे सिद्ध होत नाही. तिथली हद्द ५.३ किलोमीटरवर आहे. शंभर मीटर उंच तारेचा प्रारण रोधही (लहरीत जाणाऱ्या शक्तीचे माप) त्या वारंवारतेला साडेतीन मिलीओहमच भरतो. जमिनीतला रोध त्याच्या कितीतरी पट असल्याने बहुतेक शक्ती उष्णतेत जाते. खात्री करायची तर वेगवेगळ्या अंतरांवर मोजमाप करून घटीचा उतार पाहावा लागतो. उभ्या तारेचे विद्युत क्षेत्र आधी घनाच्या नियमाने कोसळते आणि हद्द बरीच मागे पडल्यावर एकास एक घटू लागते.

या हिशेबालाही मर्यादा आहे. स्वीडनमधल्या ग्रिमेटॉन येथे १९२४ मध्ये पूर्ण झालेले १७.२ किलोहर्ट्‌झचे केंद्र आजही अधूनमधून संदेश पाठवते. तिथली हद्द २.८ किलोमीटरवर येते. १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांची रांगच जवळजवळ दोन किलोमीटर लांब असल्याने अँटेना लहान धरून केलेले गणित तिच्या जवळपास लागू पडत नाही.