चाकांचा हिशेब

वाणगावच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. लांब पल्ल्याची गाडी धडधडत निघून जाते, आणि तिला वाट देण्यासाठी एखादी मालगाडी कोठे तरी बाजूच्या रुळावर थांबलेली असते. इंजिन दोघींचेही मोलाचे. मग त्याचा उपयोग किती झाला, हे मोजावे कसे?

पहिले माप सोपे आहे : एक इंजिन दिवसाला सरासरी किती किलोमीटर धावले? पण केवळ कामावरची इंजिने हिशेबात धरली, तर आकडा मोठा दिसतो. दुरुस्तीसाठी पडून असलेलीही धरली, की तो उतरतो. शिवाय समजा, एक इंजिन रिकाम्या वाघिणी घेऊन ४०० किलोमीटर धावले आणि दुसऱ्याने २००० टन माल २५० किलोमीटर नेला. धावण्यात पहिले पुढे. परंतु माल वाहिला दुसऱ्यानेच, ५ लाख टन-किलोमीटर! म्हणून इंजिनाच्या दर तासामागे किती टन-किलोमीटर वाहतूक झाली, हेही पाहावे लागते.

वाघिणीचे माप आणखी निराळे. एकदा माल भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत किती दिवस गेले, ते मोजतात. समजा, ५००० वाघिणी आहेत आणि रोज १००० भरल्या जातात. म्हणजे फेरा ५ दिवसांचा. तो ४ दिवसांवर आला, तर त्याच वाघिणी रोज १२५० वेळा भरतील. एकही नवी वाघीण न घेता हा लाभ होतो. न्हावाशेवा ते दादरी हा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आपल्या डहाणू तालुक्यातून आखला गेला, त्यामागे हा खोळंबा टाळण्याचाच विचार आहे.

आता एस. टी. कडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. तिच्या हिशेबात ‘भारमान’ महत्त्वाचे. ४० आसनांची गाडी पाड्यांवरून ४० प्रवासी घेऊन आली आणि १० घेऊन परतली, तर भारमान ६२.५ टक्के. याच गाडीत ६० माणसे कोंबली, की आकडा खूश होतो. दाराशी लोंबकळणारा मात्र होत नाही.

आणि रिकामी परतणारी ती फेरी बंद केली, तर? भारमान वाढेल खरे. पण सकाळी त्याच गाडीने शाळेस आलेली मुलगी संध्याकाळी पाड्यावर जाणार कशी? गाडी किती धावली, हे माप सांगते. ती कोणासाठी धावली, हे आपणच विचारले पाहिजे.